वेशीबाहेरचं तिखलं

रायपूरच्या घरातून निघताना मंगलने, माझ्या पत्नीने, फराळाची पिशवी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "अहो, आणि तिथंही नाही लागलं तर?"

"तर नाही लागलं, असं येऊन सांगेन," मी म्हणालो.

तिचा गुडघा दुखत होता, म्हणून ती सोबत येत नव्हती. फाटकापर्यंत आली, माझ्या शर्टाच्या खिशात तिरफळांची डबी आहे ना एवढं पाहिलं, आणि मागे वळली.

त्या डबीचं आधी सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी एका तापात माझ्या नाकाचा वास गेला. ताप उतरला, वास परतला नाही. वासाबरोबर चवही जाते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. गोड, खारट, आंबट, तिखट एवढं कळे. पण ताटातलं वरण कोणतं आणि कढी कोणती हे डोळ्यांनी पाहून ठरवावं लागे. हळूहळू भूकही लागेनाशी झाली. एक वाजला की जेवायचं, नऊ वाजले की जेवायचं, एवढंच उरलं. डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी ओळखीचे तीन वास घेत जा. लवंग घ्या, लिंबू घ्या, आणि तिसरा तुमच्या आवडीचा घ्या. मी तिसरी तिरफळं घेतली. काटेरी झाडाची ही मिरीएवढी फळं वाळली की उकलतात. आतलं काळं बी टाकून द्यायचं आणि साल माशांच्या कालवणात घालायची. तिच्या वासाला लिंबाच्या सालीची धार असते, आणि जिभेला बारीक झिणझिण्या येतात.

रोज सकाळी मंगल विचारी, "आज किती?" मी दहापैकी गुण देई. वर्षभरात लवंग पाचावर आली, लिंबू सहावर गेलं. तिरफळं शून्यावरच राहिली. डबी मंगलच्या नाकाशी धरली तर ती म्हणे, "मला त्यातलं काय कळतंय? मला ते लाकडासारखंच वाटतं." ती वर्ध्याची. तिच्या माहेरी मासे शिजत नाहीत.

मी मूळचा कुडाळ तालुक्यातला, भातशेतीच्या घरातला. पहिली नोकरी मात्र मालवण तालुक्यात, किनाऱ्याजवळच्या एका गावातल्या पतसंस्थेत लागली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाचून जेवायला जाणाऱ्यांची गर्दी रुक्मिणीकाकींना आता झेपणार नाही. त्यांच्या घराच्या पडवीत दोन बाकं मांडलेली असत आणि तीच खाणावळ. सात वर्षं मी दुपारचा तिथे जेवलो. उकड्या तांदळाचा भात, सोलकढी, आणि बांगड्याचं तिखलं (दाट, लाल, अंगाबरोबर रस असलेलं कालवण). सोलं (आमसुलं) पडली की काकी तिरफळं पाट्यावर नुसती चेचायच्या, वाटायच्या नाहीत. ती टाकून वर झाकण ठेवायच्या. ते झाकण निघालं की पडवीतलं बोलणं थांबायचं.

पुढे रायपूरला एका सिमेंट कारखान्यात वजनकाट्यावर काम मिळालं (तिकडे त्याला 'धरमकाटा' म्हणतात), आणि समुद्र दीड हजार किलोमीटरांवर गेला. बर्फातला बांगडा तिथेही मिळतो. काकींचं प्रमाण मी विचारून घेतलं होतं, शेवटच्या खेपेला तिरफळंही आणली होती. मंगल वजन करून सगळं घाली. पहिल्या वर्षी तिचं तिखलं काकींच्या फार जवळ गेलं. मग दरवर्षी थोडं थोडं लांब जात राहिलं. मी दोष बर्फातल्या बांगड्याला देत असे. पडवीतलं ते झाकण मला तेव्हा रोज आठवायचं. वास गेल्यावर ते आठवणंही बंद झालं. काकींची पडवी डोळ्यांसमोर येई, पण तोंडाला पाणी सुटत नसे.

म्हणून हा प्रवास. काकींना मुद्दाम कळवलं नाही. कळवलं असतं तर त्यांनी माझ्यासाठी खास काही केलं असतं. मला रोजचं हवं होतं, तरच ताडून बघता येणार होतं.

गाडी बदलून, एक रात्र बसून काढून मी रविवारी सकाळी कणकवलीला उतरलो. डिसेंबरचे दिवस. भात कापून झालेले मळे पिवळे पडले होते आणि खळ्यांवर गवताच्या उडव्या रचलेल्या होत्या. स्टेशनाबाहेर वडापाव घेतला. गरम कापूस खाल्ल्यासारखा लागला. उरलेला अर्धा कागदात गुंडाळून ठेवला.

रिक्षावाला पस्तिशीचा होता, सुहास नावाचा. मी गावाचं नाव सांगितल्यावर त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"काका, थंय कोणाकडे जातास?"

"खाणावळीत. रुक्मिणीकाकींच्या."

"थंय तुमका आज कुत्रोसुदा गावूचो नाय. गावपळण आसा मरे! शुक्रवारी दोपारी अख्खो गाव भायर पडलो."

मी कपाळाला हात लावला. गावपळण मला ठाऊक होती. दर काही वर्षांनी ग्रामदेवाच्या आज्ञेने सगळं गाव चुली विझवून, गुराढोरांसकट वेशीबाहेर जाऊन राहतं. तीन रात्री गावात माणूस नाही. तेवढे दिवस गाव देवाचं आणि आधी होऊन गेलेल्यांचं. चौथ्या दिवशी देवाला कौल लावतात, म्हणजे मूर्तीला तांदूळ लावून परत येऊ का विचारतात. देव हो म्हणाला तर परतायचं, नाहीतर आणखी एक दिवस बाहेर. नोकरीत असताना पळण आली तेव्हा मी रजा टाकून घरी गेलो होतो. गाड्यांच्या वेळा चारदा तपासल्या, पण ही चौकशी केली नाही.

"परतूया काय?" सुहासने विचारलं.

"नको. वेशीपर्यंत तरी चल."

वेशीपाशी त्याने रिक्षा थांबवली आणि इंजिन बंद केलं. "ह्याच्या म्होरे मी येवचंय नाय."

तिथून उतारावरचं गाव दिसत होतं. माडांमधली कौलारू घरं, लावलेली दारं, सारवलेली खळी (अंगणं). एकाही घरातून धूर नव्हता. कोंबडा नव्हता. दोरीवर कोणाचा तरी टॉवेल राहून गेला होता, तेवढाच हलत होता. काकींच्या पडवीचं छप्पर मी ओळखलं. बाकं उलटी करून भिंतीला लावलेली होती. मी बराच वेळ बघत राहिलो. माझ्या डोक्यात दोन वर्षं ते घर असंच होतं, सगळं जागच्या जागी आणि आत कोणी नाही.

सुहास हळूच म्हणाला, "खाडीच्या काठार राहुट्यो घातल्यानी. थंय सोधूया चला."

खाडीकाठच्या काजूच्या बागांत झावळांच्या राहुट्या पसरल्या होत्या. गुरं झाडांना बांधलेली, कोंबड्या डालांखाली, कुठे भजनाची पेटी, कुठे पत्ते. काकींची राहुटी सगळ्यांत टोकाला निघाली. त्या तीन दगडांच्या चुलीपुढे बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे झाले होते. त्यांनी कपाळावर हात धरून मला न्याहाळलं.

"अरे सोसायटीवाल्या! तू? खंयसून इलंस रे?"

"रायपूरहून, काकी. जेवायला आलो."

"आयकलात काय?" त्या राहुटीकडे तोंड करून ओरडल्या. "ह्यो जेवक इलो, आनी आमी घर सोडून बसलंव!"

राहुटीतून तात्या बाहेर आले, काकींचे यजमान. त्यांनी माझी पिशवी हातातून काढून घेतली. "रायपुरात मासे झाडार लागतत काय रे? इतकां सुकलंस तो?"

"सुकलो नाय तो, म्हातारो झालो," काकी म्हणाल्या. "तुमी आरशात बघा कदीतरी."

सुहासला चहा पाजून त्यांनी वाटेला लावलं. मी उद्या संध्याकाळच्या गाडीने परतणार होतो. काकींची सून वैशाली हिने मला पाणी आणून दिलं आणि गप्पच राहिली. सासूसुनेत काहीतरी बिनसलं असावं. काकी भांडी जरा जोरात ठेवत होत्या आणि तात्या दोघींच्या मधून जपून चालत होते. मी विचारलं नाही. दुपारी शेजारच्या राहुटीतली पेज आणि चटणी खाल्ली, आणि खाडीकडे तोंड करून बसलो. ओहोटी लागली होती. खिशातली डबी उघडून पुन्हा हुंगली. शून्य.

संध्याकाळी काकींनी बांगडे साफ करून तिखलं लावलं. मी चुलीपाशी बसलो नाही. वास येतो की नाही हे तिथे बसून ताडत राहण्याचा धीर मला झाला नाही.

ऊन उतरता उतरता पानं मांडली. तीच लाली, तसाच अंगाबरोबर रस, पिवळट उकडा भात. मी पहिला घास घेतला. मीठ कळलं, सोलांचा आंबटपणा कळला, तिखट कळलं. बाकी काही नाही. दुसरा घास हळू चावला, जिभेवर धरून ठेवला. वास तर नाहीच, पण झिणझिण्याही नाहीत. म्हणजे नाकाबरोबर जीभही गेली, असा हिशेब मी मनात केला. आता ताडून बघायला काही उरलं नव्हतं. मंगलला काय सांगायचं तेही ठरलं.

तात्या खाली मान घालून जेवत होते. वैशालीही. एरवी बोलल्याशिवाय घास न गिळणारी ही माणसं गप्प होती, आणि मला वाटलं माझा चेहरा पाहूनच गप्प आहेत.

"कसां झालां?" काकींनी विचारलं.

इतक्या लांबून येऊन त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमेना.

"काकी, दोन वर्षांपूर्वीच्या तापात माझा वास गेलाय. मला यात काहीच कळत नाही. तिरफळं तर मुळीच नाहीत. तुमचं काही चुकलेलं नाही, माझंच गेलंय."

मग तात्या असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला.

"अरे मेल्या," ते म्हणाले, "तिरफळां घातलेलीच नाय, तर तुका लागतली कशी?"

"हसा तुमी, हसा!" काकींचा आवाज चढला. "सकाळपासून तोंडात मीठ धरून बसलात ता आता फुटला!"

मग सगळं बाहेर आलं. घरात सारख्याच दोन डब्या आहेत, एकीत तिरफळं, एकीत मेथी. शुक्रवारी ढोल वाजला आणि घाईत वैशालीच्या हाताला मेथीची डबी आली. वेस ओलांडल्यावर मागे जाता येत नाही, मग डबीसाठी असो की दागिन्यासाठी. शेजारी मागून पाहिलं, पण बाकीच्यांनी पळणीला कोंबडे शिजवायचा बेत केलेला, तिरफळं कोणीच आणली नव्हती. आज माझ्यासाठी त्यांनी तशीच चूल पेटवली, आणि भांडण पुन्हा पेटू नये म्हणून घरातल्यांनी चवीबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं.

"माका वाटला, पाव्हण्याक कळूचा नाय," वैशाली पहिल्यांदा बोलली. "तुमीच पयल्यांदा बोलून दाखवलात, भावोजी."

मी खिशातून डबी काढली. "माझ्याकडे आहेत काही. रोज हुंगायला ठेवतो."

काकींनी एक तिरफळ नखांत मोडलं, नाकाशी नेलं, जिभेवर ठेवलं आणि थुंकलं. "ही खंयची?"

"तुम्हीच दिलेली. माझी आई वारली त्या वर्षी."

"बारा वर्सां झाली रे तेका! ह्येंचो वास कदीच उडान गेलो. आनी तू रोज सकाळी उटान लाकडां हुंगतंस?"

लाकडं. मंगलचाच शब्द. गाडीचं वजन घेण्याआधी काटा तपासायचा, हे मी रायपूरला येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला शिकवत आलो आहे. स्वतःचं नाक मात्र मी वर्षभर मेलेल्या फळांवर तोललं होतं. मंगलचं तिखलं दरवर्षी लांब का जात होतं, तेही तिथे चुलीपुढे कळलं. बांगड्याचा दोष नव्हता, तिच्या हाताचा तर नव्हताच.

पण एवढ्याने माझं नाक शाबूत ठरत नव्हतं. न घातलेल्या तिरफळांचा वास आला नाही, हा काही पुरावा नव्हे. खरी तिरफळं वेशीच्या आत, बंद घरात होती. मी काकींना तसं सांगितलं.

त्यांनी माझ्या पानात आणखी भात वाढला. "उद्या देव कौल देतलो. मगे बघूया."

"आनी नाय दिल्यान तर?" तात्या म्हणाले. "ह्येची गाडी आसा म्हणान देव घाई करूचो नाय."

सकाळी मानकरी आणि पुजारी देवळात गेले. बाकी गाव वेशीपाशी गोळा झालं. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. खालच्या घरांवर ऊन आलं होतं आणि टॉवेल अजून दोरीवर होता. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ हात जोडून उभे होते. ते आपल्या घराच्या दाराकडे असे बघत होते की तिथून आता कोणीतरी बाहेर निघणार आहे. ऊन चढलं. देव आज नको म्हणाला तर मला रिकामं परतावं लागणार होतं. मी देवाकडे सहसा काही मागत नाही. त्या सकाळी मागितलं.

मग खालून ढोल वाजला.

गुरं सगळ्यांच्या पुढे धावली, त्यांना वाट दाखवावी लागली नाही. मागून डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका, कडेवर कोंबड्या घेतलेली माणसं. काकींनी उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला, दार उघडलं, घरभर पाणी शिंपडलं, देवापुढे दिवा लावला. वैशाली झाडू लागली. मी पडवीत उभा होतो. तात्यांनी एक बाक सरळ केलं आणि म्हणाले, "बस. तुजीच जागा."

काकी आतून डबी घेऊन आल्या. दोन तिरफळं त्यांनी पाट्यावर चेचली, थेंबभर पाणी लावलं आणि तळहात माझ्यापुढे धरला.

पहिल्या श्वासाला काही आलं नाही. मी तसंच सांगितलं.

"घाई कित्याक करतंस? डोळे मिट."

दुसऱ्या श्वासालाही नाही. तिसऱ्याला कुठूनतरी लांबून लिंबाची साल सोलल्यासारखं काहीतरी आलं. मला वाटलं, मनाचे खेळ. मग त्या थंड धारेमागून दुसरं आलं, रानातलं, किंचित उग्र. आणि एकदम झाकण निघालं. वाफ, बाकावर टेकलेली कोपरं, दुपारी दीडचं ऊन, बोलता बोलता थांबलेली माणसं. काकींनी साल माझ्या जिभेवर ठेवली. झिणझिण्या आल्या. माझे डोळे वाहायला लागले, आणि ते तिरफळामुळे असं समजून घेण्याइतके ते तिघंही चांगले होते.

"गावला मरे?" काकींनी विचारलं.

मी मान हलवली. डोळे पुसले आणि म्हणालो, "काकी, मग आता तिखलं?"

"आज सोमवार," त्या म्हणाल्या. "सोमवारचा ह्या घरात मासो शिजणा नाय. तुज्या बापसासाठीसुदा शिजलो नसतो."

तात्यांनी पाठीवर थाप मारली. "पुढच्या खेपेक कळवन ये. आनी आदी इचार, गावात कोण आसा काय ता!"

दुपारी काळ्या वाटाण्यांची उसळ आणि भात जेवलो. निघताना काकींनी मूठभर तिरफळं कागदात बांधून दिली. "ही वर्सभर पुरवायची. मगे टाकायची आनी नवी न्हेवक येवचां." वैशालीने कागदावर पेनने वर्ष टाकलं, आणि आपल्या घरातल्या दोन डब्यांवरही नावं लिहायला घेतली.

परतीच्या गाडीत मी त्या पुडीला हात लावला नाही. भीती वाटत होती. ओळखीच्या माणसांमध्ये, त्या घरात आलेला वास रायपुरात येईलच असं धरून चालता येत नव्हतं.

घरी पोचल्यावर मंगलने काहीच विचारलं नाही. माझी बॅग आत नेली, चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुनी तिरफळं तुळशीच्या कुंडीत रिकामी केली, डबी धुऊन पुसून नवी भरली, आणि ओट्यापाशी उभा राहून एक चेचलं. मंगल पोहे भिजवत होती. तिने मान वर केली आणि नाकपुड्या फुलवल्या.

"हा वास?" ती म्हणाली. "हा तर पहिल्या वर्षीचा."

मग तिने विचारलं, "आज किती?"

"तीन," मी म्हणालो. वाढवून सांगण्यात अर्थ नव्हता.

"तीनच?"

मी उत्तर देणार होतो, पण पोटात काहीतरी हललं आणि ते काय आहे हे ओळखायला मला एक क्षण लागला. बाजारात बर्फाचा बांगडा शनिवारी येतो, आणि शनिवार अजून लांब होता. काकींचं तिखलं दीड हजार किलोमीटरांवर होतं, आणि मी तिथे जाऊन ते न खाताच परतलो होतो. ते मला हवं होतं, आत्ता, पडवीतल्या त्या बाकावर. इतक्या असोशीने मला दोन वर्षांत काहीच हवं वाटलं नव्हतं.

"पोहे लवकर टाक," मी म्हणालो. "भूक लागली आहे."

तिने हातातली चाळणी खाली ठेवली आणि घड्याळाकडे पाहिलं. आठसुद्धा वाजले नव्हते.